मधुमेहात पायांच्या नसा बिघडतात तेव्हा: काय आधी, काय नंतर

पायाला मुंग्या यायला लागल्या की बहुतेक घरांत ठरलेला प्रकार सुरू होतो. आधी तेल चोळून बघायचं, मग मेडिकलमधून ‘नसांची गोळी’ आणायची आणि मुंग्या थांबल्या की गोळी बंद करायची. पुढे कधीतरी तळपायाला जखम होते, महिना झाला तरी भरत नाही, आणि तेव्हा कळतं की पाय केव्हाच बधिर झाला होता. मुंग्या थांबणं हे दर वेळी बरं होण्याचं लक्षण नसतं. नस आणखी बिघडली आणि संवेदनाच गेली, तरीही मुंग्या थांबतात. ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे पाय गमावायची वेळ येते.

हा लेख मधुमेहामुळे पायांच्या नसांना, म्हणजे मज्जातंतूंना होणाऱ्या इजेबद्दल आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक चुका क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

## टप्पा १: ही तातडीची बाब नाही ना, हे आधी ठरवा

मधुमेहातली नसांची इजा सावकाश, महिनोन्‌महिने वाढते. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखी वर चढत जाते. पिंढरीच्या मध्यापर्यंत पोचली की साधारण त्याच सुमारास हाताच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात. या चित्रात न बसणारं काही दिसलं, तर मधुमेहाला दोष देऊन घरी बसू नका.

पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरज पडल्यास १०८ वर फोन करा.

- चेहरा, हात किंवा पाय एकाच बाजूला अचानक बधिर किंवा लुळा पडणं, बोलणं अडखळणं. हा पक्षाघात असू शकतो. इथे तासाचं नव्हे, मिनिटाचं मोल आहे.
- काही दिवसांत पायांतली ताकद जाणं आणि अशक्तपणा वर चढत जाणं, विशेषतः आधी जुलाब किंवा ताप येऊन गेला असेल तर. हा गियाँ-बारे सिंड्रोम असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. यात श्वासाचे स्नायूही दुर्बळ होऊ शकतात.
- कंबरदुखीबरोबर जांघेच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण आहे.
- तळपायाला जखम, काळा डाग, पू किंवा वास, किंवा एक पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला.

त्रास सावकाश असला तरी तो एकाच बाजूला आहे का, हेही बघा. नितंबापासून निघून एकाच पायात गुडघ्याखाली जाणारी कळ बहुधा मणक्याची असते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतं, हात झटकला की बरं वाटतं, ही मनगटात नस दाबल्याची खूण. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि त्यावर स्पर्श कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. ती आणि त्यावरचे उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होतात. नसांची इजा व्हायच्या आत औषध सुरू झालं तर अपंगत्व टळतं, म्हणून इथे संकोच करू नका.

## टप्पा २: लक्षणं लिहून काढा

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘पाय दुखतात’ एवढंच सांगितलं जातं आणि हाती वेदनाशामक पडतं. त्याऐवजी आठवडाभर एका कागदावर नोंद ठेवा.

- नेमकं काय होतं: आग, मुंग्या, सुई टोचल्यासारखं, विजेचा झटका, की काहीच न कळणं?
- कुठवर: बोटं, तळवा, घोटा की पिंढरी? दोन्हीकडे सारखं आहे का?
- कधी: रात्री अंथरुणात वाढतं का? पायाला चादर लागलेलीही सहन होत नाही का?
- चालल्यावर कमी होतं की वाढतं? ठरावीक अंतर चाललं की पिंढरीत गोळा येतो आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत जातो, असं असेल तर प्रश्न नसांचा नसून रक्तपुरवठ्याचा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकत्रही असतात.

आता अशा खुणा, ज्या कुणी आपण होऊन सांगत नाही, कारण त्या दुखत नाहीत. चालताना चप्पल पायातून निसटते आणि पुढे गेल्यावर कळतं. फरशीवर चालताना खाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. पाय कोरडे पडतात, भेगा वाढतात, कारण घाम आणणाऱ्या नसाही बिघडलेल्या असतात. मधुमेहाने नसा बिघडलेल्या रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना दुखण्याची काही तक्रारच नसते. त्यांच्यासाठी याच खुणा महत्त्वाच्या.

उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, दोन घास खाल्ल्यावर पोट गच्च, रात्रीचे जुलाब, लघवी पूर्ण न होणं, लैंगिक ताठरता कमी होणं, हेही लिहा. शरीराचे आतले व्यवहार चालवणाऱ्या नसांची ही लक्षणं आहेत. साखर खूप उतरली तरी घाम, थरथर, धडधड होत नसेल तर ते ठळक सांगा. औषधांचा डोस ठरवताना हे माहीत नसणं धोक्याचं ठरतं.

## टप्पा ३: घरी दोन मिनिटांची स्पर्श-चाचणी

याला एक माणूस सोबत लागतो, उपकरण लागत नाही. आपली आपण ही चाचणी करता येत नाही, कारण कधी आणि कुठे स्पर्श होणार हे आधीच ठाऊक असतं.

१. रुग्णाने मोजे काढून आडवं व्हावं आणि डोळे मिटावेत. स्पर्श कळला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढंच म्हणायचं.

२. तपासणाऱ्याने तर्जनीच्या टोकाने बोटाच्या टोकाला अलगद स्पर्श करावा, १ ते २ सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत.

३. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट.

४. एका बोटाला एकदाच संधी. कळलं नाही तर पुन्हा स्पर्श करून ‘आता कळलं ना?’ असं विचारू नका. मायेपोटी हे हमखास होतं आणि चाचणी वाया जाते.

पडताळा: सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरा आणि टप्पा ४ लांबवू नका. सगळे कळले तरी वर्षातून एकदा होणारी डॉक्टरांची तपासणी टळत नाही.

इशारा: संवेदना बघायला सुई, टाचणी, उदबत्ती किंवा गरम चमचा वापरू नका. बधिर पायाला अशी जखम झाली तर तीच पुढे चिघळते.

## टप्पा ४: दवाखान्यातली तपासणी आणि रक्त, गोळी सुरू करण्याआधी

सर्वात महाग पडणारी चूक इथे होते. मेडिकलमधल्या ‘नसांच्या गोळ्यांत’ बहुधा बी-१२ हे जीवनसत्त्व असतं. ती महिनाभर घेऊन मग रक्त तपासलं तर बी-१२ भरपूर दिसतं आणि मूळ कमतरता होती की नव्हती, हे कळायचा मार्गच बंद होतो. म्हणून आधी रक्त, मग गोळी.

मधुमेह असला म्हणजे नसांची इजा त्यामुळेच, असंही नसतं. दुसरी कारणं वगळावी लागतात आणि त्यातली काही पूर्ण बरी होण्यासारखी असतात. साधारण यादी अशी: एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), यकृताची तपासणी. गरजेनुसार डॉक्टर आणखी काही सांगतात.

बी-१२ कडे आपल्याकडे विशेष लक्ष हवं. शाकाहारी जेवण आणि त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, म्हणजे कमतरतेला दोन्हीकडून वाट. पातळी २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे. तिथे लक्षणं बघून निर्णय होतो. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, बी-१२ भरून काढणं सोपं आहे. आणि बी-१२ तपासल्याशिवाय नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेत राहू नका. त्याने रक्तक्षय सुधारतो, पण नसांची इजा आतून चालूच राहते.

पायाच्या तपासणीत काय काय व्हायला हवं?

- १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने, तळव्यावर ठरावीक ठिकाणी स्पर्श. दोरा वाकेपर्यंत दाबतात. घट्ट्यावर तपासायचं नाही, तिथे निरोगी माणसालाही नीट कळत नाही.
- १२८ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कने (कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्याने) अंगठ्याच्या हाडावर कंप कळतो का, किंवा बायोथेसिओमीटर या यंत्रावर कंपाची पातळी. २५ व्होल्टच्या वर गेल्यावरच कंप कळत असेल तर जखम होण्याचा धोका मोठा.
- घोट्याचा प्रतिक्षेप (टाचेमागे हातोडी ठोकल्यावर पाऊल हलतं का), टोचलेलं आणि गार-गरम कळण्याची तपासणी.
- पावलावरच्या दोन ठिकाणच्या नाड्या. नाडी लागत नसेल तर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात.
- आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद हवी.

मोजे न काढता झालेली तपासणी ही पायांची तपासणी नव्हे. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधीच चप्पल-मोजे काढून बसा. विषय आपोआप निघतो.

नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नसांतून विद्युत संदेश नीट जातो का याची, तपासणी प्रत्येकाला लागत नाही. त्रास एकाच बाजूला असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा ताकद गेली असेल तर ती हवी. ती मोठ्या तंतूंचीच असते, त्यामुळे पायांची भयंकर आग होत असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. अशा माणसाला ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं घरच्यांनी म्हणू नये. आग बारीक तंतूंची असते आणि ती खरी असते.

## टप्पा ५: साखर आणा, पण एकदम आपटू नका

नसांची इजा पुढे जाऊ न देण्याचा पाया साखरेचं नियंत्रण हाच आहे. मात्र वर्षानुवर्षं साखर खूप चढलेली असेल आणि घाबरून ती झटक्यात उतरवली, तर नसांची तीव्र वेदना नव्याने उसळू शकते. एचबीए१सी तीन महिन्यांत २ अंकांपेक्षा जास्त घसरला की हा धोका वाढतो. किती वेगाने उतरवायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. साखर सुधारतेय आणि पाय मात्र जास्त जळतायत, असं झालं तर इन्सुलिन किंवा गोळ्या बंद न करता त्यांना कळवा. ही वेदना बहुधा काही महिन्यांत ओसरते.

सोबत दारू बंद, कारण ती थेट नसांना मारते. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद, कारण पायाच्या रक्तवाहिन्या आधीच आखडलेल्या असतात.

## टप्पा ६: वेदनेवरचं औषध

ही औषधं दुखणं कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. पाय बधिर आहे पण दुखत नाही, अशा माणसाला त्यांची गरज नाही. त्याने थेट टप्पा ७ कडे जावं.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे, नसांच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत आणि मधुमेहात मूत्रपिंडाला इजा करतात. इथे वापरायची औषधं वेगळी. डोस डॉक्टरच ठरवतात. काय अपेक्षा ठेवावी एवढं कळावं म्हणून साधारण आकडे देत आहोत.

- प्रेगाबालिन: सहसा रात्री ७५ मिलिग्रॅमपासून, वयस्कर माणसाला त्याहून कमी. गुंगी येते, पायांना सूज येते, वजन वाढतं. क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर डोस कमी लागतो.
- ड्युलॉक्सेटिन: ३० मिलिग्रॅमने सुरुवात, आठवडा-दोन आठवड्यांत ६०. सुरुवातीला मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्यायचं. यकृताच्या रुग्णाला नको.
- अमिट्रिप्टिलिन: रात्री १० मिलिग्रॅमपासून. स्वस्त आणि झोपेला बरं, पण हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा.
- कॅप्सेसिनचं मलम, ०.०७५ टक्के: दिवसातून तीन-चार वेळा. पहिले काही दिवस जळजळ वाढते. भेगा किंवा जखम असेल तर लावायचं नाही. लावल्यावर हात साबणाने धुवायचे.

नेमकं काय चुकतं? चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून गोळी सोडली जाते. योग्य डोसवर साधारण ४ आठवडे दिल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही, हे ठरत नाही. वेदना निम्म्यावर आली तरी ते चांगलं यश आहे. शून्याची वाट बघत औषधं बदलत बसू नका. दुसरी चूक, बरं वाटलं की एका रात्रीत बंद. प्रेगाबालिन आणि ड्युलॉक्सेटिन हळूहळूच कमी करायची असतात, नाही तर अस्वस्थता, घाम, झोप उडणं असे त्रास होतात.

इशारा: दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. प्रेगाबालिन अशाने दुप्पट होतं आणि आजोबा रात्री बाथरूममध्ये पडतात. बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, हेही दोन-तीन गोळ्यांतून साचत जातं. ते जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतल्याने नसांनाच इजा होते.

## टप्पा ७: रोज पाय बघा, रोज जपा

वेदना हा पायाचा पहारेकरी असतो. तो उठून गेला की ते काम डोळ्यांनी करावं लागतं, आणि जन्मभर.

रात्री झोपण्याआधी, चांगल्या उजेडात, खुर्चीवर बसून तळवा समोर आणा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना बघू द्या. टाचेपासून सुरुवात करून बाहेरची कड, पावलाचा पुढचा उंचवटा, मग प्रत्येक बोटाची बेचकी फाकवून बघा. बेचकीत कातडी पांढरी, ओलसर, फुगल्यासारखी दिसली तर बुरशी आहे. घट्ट्याखाली काळपट-तपकिरी ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय. वरून काही झालेलं दिसत नसलं तरी खाली जखम असते. शेवटी हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर फिरवा. एक जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली तर ती सुजेची पहिली सूचना.

धुताना कोमट पाणी आणि साबण पुरे. पाणी किती गरम आहे हे पायाने नव्हे, कोपराने बघायचं. पाय पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत. बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. खोबरेल किंवा व्हॅसलीन तळव्याला आणि टाचेला लावायचं, बोटांच्या मध्ये नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. कुरूप ब्लेडने तासू नका आणि कॉर्न कॅप (कुरुपावर लावायची औषधी पट्टी) लावू नका. त्यातलं आम्ल आजूबाजूची कातडीही खातं.

हे पूर्ण बंद: गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक, गरम विटेचा शेक, पाय थंड पडलेत म्हणून हिटरजवळ बसणं. बधिर पाय भाजतो आणि सकाळी फोड दिसल्यावर कळतं. थंडी वाजली तर सुती मोजे घाला.

अनवाणी चालणं घरातही नको. नवरात्रातलं अनवाणी चालण्याचं व्रत पाय बधिर असताना धरू नका. देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवर जाण्यापेक्षा सकाळी लवकर जा आणि जाड सुती मोजे घाला. दुचाकीवर मागे बसताना पाय सायलेन्सरला टेकत नाही ना, ते बघा. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी खोचून झोपा: बधिर पायाची बोटं उंदराने कुरतडली तरी झोप मोडत नाही.

### पादत्राणं

अंगठ्याची चप्पल सोडा. तिचा पट्टा बेचकीत घासतो, आणि ती पायात टिकावी म्हणून बोटं आवळून धरावी लागतात. मागे पट्टा असलेली, पुढे बोटांना रुंद जागा असलेली, एमसीआर या मऊ रबराच्या तळाची सँडल किंवा बूट घ्या. संध्याकाळी विकत घ्या, कारण तोवर पाय थोडा सुजतो. उभं राहून माप द्या. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटीमीटर जागा हवी. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचं वाक्य बधिर पायाला लागू नाही.

नवी जोडी पहिल्या दिवशी एकच तास. काढल्यावर पाय बघा. कुठे लाल झालं असेल आणि अर्ध्या तासात ते गेलं नाही तर ती जोडी तुमची नाही. आणि रोज घालण्यापूर्वी आत हात घालून चाचपा. खडा, खिळ्याचं टोक, दुमडलेलं अस्तर हातालाच कळेल, पायाला नाही.

## टप्पा ८: जखम झालीच तर

स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ गॉजने हलकं झाका, त्या पायावर भार देणं थांबवा आणि २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, हायड्रोजन पेरॉक्साइड, काहीही लावू नका. फोड फोडू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणं हाच तर आजार आहे.

तळव्याची जखम नुसत्या मलमपट्टीने भरत नाही, कारण प्रत्येक पावलाला ती पुन्हा चिरडली जाते. भार काढणारं प्लास्टर किंवा खास बूट हा तिचा मुख्य उपचार आहे आणि तो घरातही, बाथरूमपर्यंत जातानाही पाळावा लागतो. लाली पसरणं, वास, ताप, किंवा कारण नसताना साखर चढणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

जखम नाही, पण पाय लाल, गरम, सुजलेला आणि दुखणं मात्र मामुली, असं असेल तर शार्कोट या विकाराचा विचार व्हायला हवा. यात पावलाची हाडं आतून मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून त्याला बऱ्याचदा युरिक अ‍ॅसिड किंवा साधा जंतुसंसर्ग समजलं जातं. निदान पक्कं होईपर्यंत त्या पायावर उभं राहू नका, आणि डॉक्टरांना ‘हे शार्कोट तर नाही ना?’ असं सरळ विचारा.

## पायाची तपासणी किती दिवसांनी?

टाइप २ मधुमेहात निदान झालं त्याच वेळी, टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी. संवेदना गेली असेल तर दर ६ महिन्यांनी. सोबत पायाचा आकार बदललाय किंवा रक्तपुरवठा कमी आहे, तर ३ ते ६ महिन्यांनी. आधी एकदा जखम होऊन भरली असेल तर १ ते ३ महिन्यांनी, कारण तीच जागा पुन्हा फुटण्याची शक्यता फार मोठी असते. प्रत्येक वेळी टप्पा २ चा कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि रोजच्या वापरातली चप्पल सोबत न्या. चप्पलेचा तळ कुठे झिजलाय, यावरून पायावर भार कुठे पडतोय हे डॉक्टरांना दिसतं.